काँगेर घाटी: वरून आणि खालून

रायपूरला पोस्टिंग आली असं फौजेत सांगितलं की समोरचा म्हणतो, "वा, पीस! मजा आहे." तेच गावाकडे सांगितलं की समोरचा गप्प होतो. गेल्या वर्षी माझी ऑर्डर आली तेव्हा दोन्ही अनुभव एकाच संध्याकाळी आले. कोर्समेटने फोनवर पार्टी मागितली आणि कराडला आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, "छत्तीसगड" एवढा एकच शब्द उच्चारून फोन आईकडे दिला. त्या रात्री ते जेवले नाहीत, हे मला नंतर कळलं.

माजी सैनिक वाचकांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी एकदा लिहून टाकतो. नक्षलविरोधी मोहिमेत लष्कर उतरलेलं नाही. ती लढाई सीआरपीएफची, कोब्राची, राज्य पोलिसांची आणि डीआरजीच्या स्थानिक पोरांची आहे. हवाई दलाची हेलिकॉप्टरं जखमींना उचलून आणतात. लष्कराचं इथे नवा रायपूरमध्ये छत्तीसगड आणि ओडिशा सब एरियाचं मुख्यालय आहे. माझ्यासारख्याच्या टेबलावर येतात त्या फायली, माजी सैनिकांचे अर्ज आणि नागरी प्रशासनाशी होणारा पत्रव्यवहार. हे मी आण्णांना निदान दहा वेळा सांगितलं. ते दर वेळी "बरं" म्हणाले. बावीस-तेवीस वर्षं मी त्यांना फोनवर "सगळं ठीक आहे" सांगत आलोय, आणि त्यातल्या निम्म्या वेळा ते खरं नव्हतं हे त्यांना माहीत आहे. त्यामुळे खरं असतानाही ते पटेना.

शेवटी दिवाळीला ते स्वतःच आले. आझाद हिंद एक्स्प्रेसने, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, एकटे. आई गुडघ्यांमुळे थांबली. आल्यावर तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "हापिस बघितलं तुझं. आता त्यो मुलूख दाखव. पेपरात येतो त्यो."

म्हणजे बस्तर. आठवडाभरापूर्वीच, १७ ऑक्टोबर २०२५ ला, जगदलपूरमध्ये २१० माओवाद्यांनी शस्त्रं खाली ठेवली होती. हातात राज्यघटनेची प्रत घेतलेले त्यांचे फोटो आण्णांनी पेपरात पाहिले होते. सौ.ने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मुलगी नववीत आहे, तिने मात्र लगेच बॅग काढली. रीतसर रजा टाकली, जिथे कळवायचं तिथे कळवलं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो.

रायपूर ते जगदलपूर साधारण तीनशे किलोमीटर. धमतरीपर्यंत सपाट भातशेती, कापणी चाललेली. कांकेरला सीताफळांच्या पाट्या रस्त्यावर मांडलेल्या. याच कांकेरात २००५ पासून जंगलयुद्धाचं कॉलेज आहे. ब्रिगेडियर पोनवार यांनी ते उभं केलं. गनिमाशी गनिमासारखं लढा, हे त्याचं ब्रीद. आण्णांना सांगितलं तर म्हणाले, "ह्ये आपल्याला साडेतीनशे वर्षं म्हाईत हाय."

पुढे केशकाल घाट. त्याला बारा वळणं आहेत. आण्णांनी एसटीत बत्तीस वर्षं गाडी चालवली, त्यातली बरीचशी कराड–चिपळूण मार्गावर, म्हणजे कुंभार्ली घाटात. विनाअपघात सेवेचा बिल्ला अजून कपाटात आहे. केशकाल सुरू झाला तसे ते पुढच्या सीटवर सरळ बसले आणि उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायला लागला. आमचा ड्रायव्हर जगदलपूरचाच, पंचविशीतला. चौथ्या वळणावर त्याने उतरणाऱ्या लोखंडाच्या ट्रकला बाजू दिली तेव्हा आण्णा पहिल्यांदा त्याच्याशी बोलले. "बराबर किया," म्हणाले. पोरगा दिवसभर खूश होता. तेलिन सती मातेच्या देवळापाशी सगळ्या गाड्या थांबतात, तशी आमचीही थांबली. नारळ आण्णांनीच फोडला.

पहिल्या संध्याकाळी चित्रकोट पाहिलं. इंद्रावती तिथे घोड्याच्या नालेच्या आकारात सुमारे शंभर फूट खाली पडते. सगळे याला भारताचा नायगारा म्हणतात. मला हे नाव आवडत नाही. आपल्या नदीला दुसऱ्याच्या नदीचं टोपणनाव कशाला? उन्हाळ्यात मात्र इथली धार इतकी बारीक होते की खडक उघडे पडतात. वर ओडिशाच्या हद्दीत जोरा नाल्याकडे पाणी वळतं, त्यावरून दोन्ही राज्यांत जुना वाद आहे. आण्णांना धबधब्यापेक्षा नदी पुढे कुठे जाते यात रस होता. हीच इंद्रावती पुढे गडचिरोलीची सीमा धरून भामरागडावरून वाहते आणि मग गोदावरीला मिळते, असं सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हंजी ह्ये पाणी आपल्याच हद्दीला लागतंय." एवढ्यावर त्यांचं समाधान झालं.

खरं जायचं होतं ते दुसऱ्या दिवशी, काँगेर घाटीत. जगदलपूरहून सुकम्याच्या रस्त्याने निघालं की अर्ध्या-पाऊण तासात साल आणि सागाचं जंगल दोन्ही बाजूंनी रस्त्यावर येतं. हे १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झालं, क्षेत्रफळ दोनशे चौरस किलोमीटर. २०२५ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीतही गेलं. राज्याचा पक्षी पहाडी मैना इथलाच. कुटुमसरच्या चुनखडीच्या गुहेत अंधारात राहून डोळे गमावलेले मासे आहेत. मुलीला ते पाहायचेच होते, सौ. तिला घेऊन आत गेली आणि मी आण्णांबरोबर बाहेर बाकड्यावर बसलो. जमिनीखाली जाण्याला त्यांचा साफ नकार होता. "जायचंच हाय एक दिवस, घाई काय?"

तिथून तीरथगड. मुनगा बहार नावाची छोटी नदी पठारावरून येते आणि काळ्या कड्यावरून पायरीपायरीने खाली उतरते. एकूण उतार सुमारे तीनशे फुटांचा सांगतात. चित्रकोटचं पाणी एकदम कोसळतं, इथलं फुटतं, पसरतं, परत एकत्र येतं. पांढऱ्या धारांच्या मागे खडकाचे थर दिसतात, घडी घातलेल्या घोंगड्यांसारखे. खाली दरी, दोन्ही बाजूंना झाडी इतकी दाट की पाणी पुढे कुठे जातं ते वरून कळत नाही, फक्त आवाज येतो. वर कठडा आहे. सगळे तिथे उभे राहून फोटो काढतात.

मीही उभा राहिलो. आणि जे पंचवीस वर्षं होत आलंय तेच झालं. डोळा धबधब्यावर दोन सेकंद राहिला आणि मग समोरच्या कड्यावर गेला. तिथून डावीकडे, जिथे उतार थोडा मोडतो. मग खाली पाण्याजवळच्या खडकांवर. मग पायवाटेवर. खडकवासल्याला असताना कॅम्प रोव्हर्समध्ये रात्री नकाशा आणि होकायंत्र घेऊन सह्याद्रीत सोडलं, तेव्हापासून ही खोड लागली. नकाशावर समोच्च रेषा जवळजवळ आल्या की कडा, आणि इंग्रजी व्ही अक्षरासारख्या वाकून नदीच्या उगमाकडे टोक करू लागल्या की घळ. दऱ्याखोऱ्यांत फिरायला आम्हाला देशाने भरपूर दिलंय, पण नुसतं पाहायचं कसं ते मात्र कुणी शिकवलं नाही. पूँछच्या नाल्यांत मला फुलं दिसली ती बायकोला पाठवायच्या फोटोत, नंतर.

मुलीने ओळखलं. "बाबा, तुम्ही धबधबा बघतच नाहीये. काय शोधताय?"

म्हटलं, सांगतो. या कठड्यावरून तुला सगळी दरी दिसते असं वाटतंय ना? नीट बघ. समोरचा कडा दिसतो. तळाचं पाणी थोडं दिसतं. पण आपल्या पायाखालचा उतार? तो फुगीर आहे, त्याच्या पोटाखालचं काहीच दिसत नाही. समोर ते मोठं झाड आहे त्याच्या मागे जमीन खाली दबली आहे, तिथलंही नाही. याला आम्ही डेड ग्राउंड म्हणतो. उंचावर चढलेल्याला वाटतं आपण सगळं ताब्यात घेतलं, आणि माणसं येतात ती नेमकी त्या न दिसणाऱ्या तुकड्यातून. म्हणून उंच जागा धरली की पहिलं काम म्हणजे खाली उतरून, शत्रूच्या बाजूने स्वतःच्या जागेकडे बघणं.

मग अंतराचा खेळ झाला. समोरच्या कड्यावरची फांदी किती लांब? मुलगी म्हणाली पन्नास मीटर. मी म्हटलं एकशेवीस, आणि तिला सांगितलं की मध्ये खोलगट भाग आला की पलीकडची वस्तू आहे त्यापेक्षा जवळ भासते, म्हणून अंदाजात भर घालायची. आण्णा इतका वेळ ऐकत होते. त्यांनी डोळे बारीक केले. ओठ हलत होते.

"तेरा गाड्या," ते म्हणाले.

"काय आण्णा?"

"तेरा येष्ट्या लागतील. एकामागं एक लावल्या तर."

एसटी साधारण अकरा मीटर लांब. तेरा म्हणजे एकशेत्रेचाळीस. आता रंगरुटांना आम्ही अंतर मोजायची जी पद्धत शिकवतो, त्यात ओळखीचं माप जमिनीवर पुन्हा पुन्हा मांडायचं असतं, बहुतेक जण फुटबॉलचं मैदान धरतात. आण्णांनी आयुष्यभर घाटात समोरून येणाऱ्या गाडीसाठी हेच केलं होतं. त्यांच्या आकड्यावर मी माझा बदलला.

कठड्याशेजारी चटया टाकून दोन-तीन बाया बसल्या होत्या. उकडलेले शेंगदाणे, सीताफळं आणि पळसाच्या पानाच्या द्रोणात चापडा, म्हणजे लाल मुंग्यांची चटणी. आण्णांनी सीताफळ उचललं आणि हिंदीत भाव विचारला. त्यांचं हिंदी म्हणजे क्रियापदाला "है" लावलेलं मराठी. म्हातारीने त्यांच्याकडे पाहून हसत विचारलं, "तुमचो नाव काय आय?"

आण्णा दचकले. माझ्याकडे वळून म्हणाले, "ही कुठली रं? मालवणची?"

ती हलबी. बस्तरची बाजारभाषा. इथे धुरवा आपसात धुरवी बोलतात, गोंड गोंडी, आणि एकमेकांशी बोलताना सगळे हलबी. ग्रियर्सनने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी भारतातल्या भाषांची पाहणी केली तेव्हा हलबीला मराठीच्याच खंडात जागा दिली. छत्तीसगडी आणि ओडियाचं मिश्रण तिच्यात भरपूर आहे, पण "चो" लागला की आपला कान टवकारतोच. रायपुरात तात्यापारा आहे, नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडवर १८५४ पर्यंत होता, हे सगळं मला पुस्तकातून माहीत होतं. पण त्या बाईने नाव विचारलं आणि आण्णांनी सांगितलं, मग तिचं विचारलं, मग मुलं किती, मग शेत किती. मी मध्ये पडलो नाही. निम्मं एकमेकांना समजत नव्हतं आणि दोघांचंही काही अडत नव्हतं. चापडा त्यांनी बोटाला लावून चाखला. "आंबट हाय. तिखट बी." आणि दुसऱ्यांदा बोट बुडवलं. सौ. लांबून बघत होती, तिने तोंड फिरवलं.

मी परत कठड्याकडे गेलो तेव्हा मुलगी दरीकडे पाहत गुंडा धूरची गोष्ट सांगू लागली. तिच्या नववीच्या इतिहासात बस्तरवर धडा आहे. १९०५ मध्ये इंग्रज सरकारने दोन तृतीयांश जंगल राखीव करायचं ठरवलं. म्हणजे फिरती शेती बंद, शिकार बंद, मध-मोहाची फुलं-पानं गोळा करणं बंद. राखीव करायला सुरुवात झाली ती याच काँगेरच्या रानापासून, म्हणून उठावही इथल्या धुरवांनी सुरू केला. १९१० सालची गोष्ट. आंब्याची फांदी, मातीचं ढेकूळ, मिरच्या आणि बाण असं गावागावांतून फिरलं, जो घेईल तो सामील. इंग्रजांना बस्तर पुन्हा ताब्यात घ्यायला फेब्रुवारी ते मे एवढा काळ लागला. फौज आली तेव्हा बहुतेक गावं रिकामी, माणसं रानात. आणि नेतानारचा गुंडा धूर, ज्याला सगळे पुढारी मानत होते, तो त्यांना कधीच सापडला नाही.

"कसा नाही सापडला?" मुलीने विचारलं. "एवढी फौज होती."

मी दरीकडे बोट दाखवलं. शिपाई म्हणून मला त्या उठावातलं सगळ्यात जास्त हेच पटतं. जमीन ज्याची, त्याला नकाशा लागत नाही. उठाव मोडला, पण राखीव करायचं क्षेत्र इंग्रजांना जवळपास निम्म्यावर आणावं लागलं. पुढे १९७०च्या दशकात जागतिक बँकेच्या योजनेत ४,६०० हेक्टर सालवन काढून कागदाच्या लगद्यासाठी पाइन लावायचे होते, तेही लोकांच्या विरोधामुळे थांबलं. आज इथे जो साल उभा आहे तो आपोआप उरलेला नाही.

"चला खाली," आण्णा मागून म्हणाले.

पायऱ्या बऱ्याच आहेत आणि ओल्या. दोन वर्षांपूर्वी आण्णांच्या छातीत स्टेंट बसवलाय. सौ.ने "अहो, बघा ना" म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आण्णा, वरून छान दिसतंय की.

"आत्ताच म्हनलास ना, वरनं दिसत न्हाई म्हणून?"

यावर काय बोलणार. निघालो. पार्किंगच्या पावत्या फाडणाऱ्या गावच्या समितीतला एक मुलगा सोबत आला. त्याने न विचारता आण्णांचा डावा हात धरला आणि स्वतः उताराच्या बाजूला राहिला. पायरी कुठे शेवाळलेली आहे ते तो पाय टाकण्याआधी सांगायचा. धुरवा, वय बावीस-तेवीस. त्याचा चुलतभाऊ जवळच्या धुडमारासला बांबूच्या तराफ्यावरून पर्यटकांना काँगेर नदीत फिरवतो. त्या गावाची २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेने एका कार्यक्रमासाठी निवड केली, हे त्याने अभिमानाने सांगितलं. लहानपणी दुपारी चारनंतर या रस्त्याला माणूस दिसायचा नाही, म्हणाला. रात्री कोण येऊन जेवण मागेल आणि सकाळी कोण येऊन रात्री कुणाला जेवण दिलं ते विचारेल, याचा नेम नव्हता. एवढंच बोलला आणि पुढची पायरी दाखवली.

मी पुढे चालत होतो. खाली उतरत गेलं तसा कठडा दिसेनासा झाला. वरची माणसंही नाहीत. कठड्यावरून जो हिरवा एकसारखा पट्टा वाटत होता तो आता वेगवेगळा झाला: बांबूची बेटं, वेलींनी जखडलेले साल, खडकाच्या कपारी, त्यात कोळ्यांची जाळी, गुरांच्या खुरांची वाट. पाण्याच्या आवाजात दहा पावलांवरच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मधल्या खडकावर शिवपार्वतीचं छोटं देऊळ आहे. तिथे आण्णा बसले. श्वास लागला होता. त्यांनी चपला काढल्या, पाय पाण्यात सोडले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मुलगी गुडघाभर पाण्यात उभी होती. मी त्यांची नाडी बघायला हात पुढे केला तर त्यांनी तो तसाच धरून ठेवला. त्यांनी माझा हात असा धरल्याचं मला शेवटचं आठवतं ते पुणे स्टेशनवर, मी एनडीएला निघालो तेव्हा. साडेसतरा वर्षांचा होतो.

"काश्मीरात असंच व्हतं का?" त्यांनी विचारलं.

"काही ठिकाणी. झाडं वेगळी."

"आणि तू खालनं चालायचास का वरनं?"

"दोन्ही. आरओपी असली की पहाटे रस्त्याने. आधी आम्ही चालणार, मग गाड्या सुटणार."

आरओपी म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. म्हणाले, घाटात दरड पडली की पहिली गाडी आमचीच असायची, मागं सगळे थांबायचे. इतक्या वर्षांत माझ्या नोकरीबद्दल आमचं झालेलं हे सगळ्यात लांब बोलणं. एक एक प्रश्न विचारत गेले. पाणी कुठून घ्यायचो, रात्री झोप लागायची का, कुणी गेलं का माझ्या हाताखालचं. शेवटच्या प्रश्नाला मी नावं सांगितली. दोन. ती त्यांनी हळू आवाजात परत म्हटली आणि पाण्यातून पाय काढले.

वर यायला पाऊण तास लागला. त्या मुलाने पैसे घेतले नाहीत. आण्णांनी जबरदस्तीने त्याच्या खिशात सीताफळ कोंबलं.

गाडीत बसल्यावर त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, "वो झीरम किधर है?"

मी नाव घेतलं नव्हतं. पण २५ मे २०१३ च्या बातम्या त्यांनी कराडात टीव्हीवर पाहिल्या होत्या. मी तेव्हा काश्मीरमध्येच होतो. सुकम्याहून जगदलपूरला परतणारा काँग्रेसच्या परिवर्तन यात्रेचा ताफा याच रस्त्यावर, पुढे दरभ्याच्या बाजूला, झीरम घाटीत अडवला गेला. आधी स्फोट, मग उंचवट्यांवरून गोळीबार. महेंद्र कर्मा, नंदकुमार पटेल आणि त्यांचा मुलगा यांच्यासह पंचवीसहून अधिक माणसं गेली. विद्याचरण शुक्ल जखमी झाले आणि जूनमध्ये वारले. नेत्यांचे सुरक्षारक्षक गोळ्या संपेपर्यंत लढले.

ड्रायव्हरने माझ्याकडे आरशात पाहिलं. मी मान हलवली. बायकोने मुलीचा हात धरला, पण काही म्हणाली नाही. दुपारचे तीन वाजले होते, रस्त्यावर मोटारसायकली, ट्रॅक्टर, शाळा सुटलेली पोरं.

त्या जागी गाडी थांबवली. रस्ता आता चांगला आहे. दोन्हीकडे झाडीचे उंचवटे, मध्ये वळण, एका अंगाला उतार. पुस्तकात ॲम्बुशसाठी जशी जागा काढून दाखवतात तशी. मी वर बघत होतो, मोर्चे कुठे असतील, एलएमजी कुठे ठेवली असेल. आण्णा वर बघतच नव्हते. ते रस्त्यावर उभे राहून आधी पुढे, मग मागे बघत होते. मग डांबराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पावलं मोजत गेले. परत आले.

"गाडी वळत न्हाई हितं," ते म्हणाले. "पुढं अडलं, मागनं गाड्या चिकटल्या. रिव्हर्स कुठं घेणार? साइडपट्टी बी न्हाई." मग थोड्या वेळाने, "डायवर किती व्हते रं त्यात?"

मला आकडा सांगता आला नाही. सगळ्या बातम्यांत नेत्यांची नावं होती, जवानांचे आकडे होते. गाड्या कोण चालवत होतं ते मी कधी वाचलेलं आठवत नाही, आणि शोधलंही नव्हतं.

"दोन-चार तरी आसतील," आण्णा म्हणाले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि तसेच उभे राहिले.

तेवढ्यात वळणावरून सुकम्याकडून येणारी खासगी बस आली, टपावर सायकली आणि पोती, दारात दोन पोरं लोंबकळत. बाजारचा दिवस असावा. आण्णा रस्त्याच्या कडेला सरकले आणि एसटीचे ड्रायव्हर एकमेकांना करतात तसा त्यांनी उजवा हात कोपरात वाकवून वर केला. बसच्या ड्रायव्हरने एक क्षण पाहिलं, बारीक हॉर्न दिला आणि खिडकीतून हात बाहेर काढला. बस जगदलपूरच्या दिशेने वळणाआड जाईपर्यंत आण्णांचा हात खाली आला नव्हता.